बिडाचे अस्तर

सणसवाडीच्या पुढे रांजणगावी, फियाटच्या कारखान्यात घडलेल्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असल्यामुळे, ज्या ६९.६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरांत पिस्टन खालीवर धावतो, त्यांना निराळा लायनर, म्हणजे अस्तर, बसवण्याची गरज उरत नाही. बिडातील ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांनी घर्षण सौम्य होते, आणि होनिंगने कोरलेल्या तिरकस, परस्परछेदक रेघांत तेल टिकते. ॲल्युमिनियमचा ब्लॉक हलका खरा, परंतु झिजण्यास लवकर तयार; म्हणून त्यात बहुधा बिडाचेच लायनर बसवतात, क्वचित निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप देतात. मात्र तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्याने हा संसार नाजूकच: पकड ढिली पडली, की उष्णतेला इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचण्यास हरकत येते.