तंतोतंत : धाग्याला धागा

‘तंतोतंत’ हा शब्द व्यापाऱ्याच्या तोंडी रोजचा. त्यातला धागा मात्र क्वचितच कुणाच्या ध्यानी येतो. तंतू म्हणजे धागा. काठोकाठ, हातोहात यांसारखीच ही जोडणी : धाग्याला धागा भिडावा, मध्ये फट राहू नये. वडवणीसारख्या कापसाच्या मुलखात हे अधिक उकलून सांगण्याची गरज नाही.

त्याची भावंडे दुसऱ्या घरांतून आली. ‘हुबेहूब’ अरबी-फारसी वळणाचा; तो डोळ्यांचा शब्द, चेहऱ्याला आणि चित्राला शोभणारा. ‘बरहुकूम’ म्हणजे हुकमाप्रमाणे. जुन्या दप्तरांतील ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ आता ‘सत्यप्रत’ झाली. ‘जसेच्या तसे’ आणि ‘जशास तसे’ यांत अंतर थोडेच, पण पहिल्यात नक्कल आहे आणि दुसऱ्यात सूड! आपल्या ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांचे लेखनिक तर शेवटी नोंदवून ठेवीत, की समोर जसे दिसले तसे उतरविले, दोष मला देऊ नये. अशा प्रामाणिकपणात मूळ प्रतीतील चूकही तंतोतंत पुढे जाते.

या शब्दाचे खरे राज्य हिशेबात. कीर्द-खतावणीवरून तेरीज मांडली, की पाच पैशांचा फरक हाही फरकच. बँकेतील जुनी माणसे फरक आला, की आधी त्याला ९ ने भागून पाहत. ५४६३ च्या जागी ५६४३ लिहिले गेले तर फरक १८० येतो. ९ ने निःशेष भाग गेला, की अंकांच्या अदलाबदलीचा संशय घ्यावा. तरीही तेरजेवर आंधळा विश्वास नको. एका गिऱ्हाइकाची उधारी दुसऱ्याच्या खाती पडली, तरी तेरीज तंतोतंतच जुळते. भांडण मात्र वसुलीच्या वेळी उभे राहते.

सहीचा न्याय याच्या नेमका उलट. एकाच माणसाच्या दोन सह्या कधीच धाग्याला धागा जुळत नाहीत. एकीवर दुसरी ठेवली आणि रेघ रेघेवर बसली, तर हस्ताक्षरतज्ज्ञाला ती गिरवल्याचा वास येतो. तेथे वळण पाहायचे, तंतू नव्हे.

नावाच्या बाबतीत मात्र संगणकाने आपली पंचाईत केली आहे. माणसाला जे एक वाटते ते यंत्राला दोन दिसते. वडवणी हे नाव रोमन लिपीत कुणी ‘व्ही’ने लिहितो, कुणी ‘डब्ल्यू’ने. मुथा कुठे मुथ्था होतो; वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर केवळ आद्याक्षर. हयातीत हे खपून जाते. घरातील कर्ता गेला, की ठेव, विमा, शेअर यांच्या दाव्यात तेच एक अक्षर आडवे येते, आणि दुःखात असलेल्या बाईला ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र करून दारोदार फिरावे लागते. काम व्हायचे ते होते, पण महिने जातात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत घराला पैशाची निकड असते. मला विचाराल तर हा यंत्राचा हट्ट अवाजवी आहे, परंतु त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या वहीपूजनाला घरातील मंडळी एकत्र असतात. त्याच दिवशी प्रत्येकाचे आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवावे, वारसनोंद झाली आहे का तेही पाहावे, आणि प्रत्येक नाव घरातील लहान मुलाकडून अक्षर अक्षर मोठ्याने वाचून घ्यावे. मोठी माणसे सवयीने बरोबरच वाचतात.