जुन्या जीपची कातळगाडी



कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखादी वस्तू मोडली म्हणजे ती संपली, असे मानायची रीत नाही. ऑइल इंजिन, उसाचा चरक, ओतकाम, लेथ यांवर इथल्या पिढ्यांचा हात बसला आहे. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. तेव्हा गोठ्यामागे गंजत पडलेली जीप पाहून गावातल्या पोरांना वाटले, की हिची कातळावर चढणारी गाडी करावी, तर त्यात नवल नाही. अशी गाडी चढते कशी, आणि करायचीच झाली तर आधी कशाला हात घालावा, ते आज पाहू.

पुष्कळांना वाटते, की मोठे इंजिन बसवले म्हणजे गाडी धोंड्यावर चढेल. तसे नाही. ट्रक उचलायचा स्क्रू-जॅक आठवा. एकटा माणूस दांडा फिरवतो, हात पुष्कळ वेळा फिरतो आणि ट्रक बोटभर वर येतो. वेग गेला, जोर आला. जीपमध्ये हेच काम गिअर करतात. महिंद्रची जुनी सीजे-३बी घ्या. तिचा पहिला गिअर साधारण २.८ पट, फोर-व्हील-ड्राइव्हचा ‘लो’ दांडा २.४६ पट आणि ॲक्सलमधले दाते ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार होतो सुमारे ३७. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरते, तेव्हा चाक एकदा फिरते. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असले, तर गाडी तासाला पावणेचार किलोमीटर चालते. हा झाला माणसाच्या पायी चालण्याचा वेग. खास कातळासाठी केलेल्या गाड्यांत हा गुणाकार शंभरपर्यंत नेतात. शिक्षक मित्रहो, सातवीच्या मुलांना गुणोत्तराचा याहून चांगला दाखला कुठून द्यायचा?

आता चाकांकडे या. ओबडधोबड जमिनीवर चौपाई स्टूल ठेवले, तर एक पाय अधांतरी राहतो. कातळावर गाडीचे तसेच होते. त्यात डिफरन्शिअलचा स्वभाव असा, की जे चाक सहज फिरते त्यालाच तो फेरे देतो. अधांतरी चाक गरागरा फिरते आणि जमिनीवरचे चाक ढिम्म राहते. यावर दोन उपाय आहेत. एक, पाटे आणि शॅकल असे बसवायचे, की चाक खाली-वर पुष्कळ हलेल आणि जमीन सोडणार नाही. दुसरा, डिफरन्शिअलला कुलूप, म्हणजे लॉकर बसवायचा. काही मिस्त्री आतले दाते वेल्डिंगने एकमेकांना चिकटवून टाकतात. ते स्वस्त पडते, पण मग वळणावर गाडी ओढून नेते आणि ॲक्सल तुटतो. तिसरी युक्ती फुकटची आहे. टायरमधली हवा २८ पौंडांवरून १५ पौंडांच्या आसपास आणली, की टायर पसरतो आणि दगडाला धरून राहतो. मात्र अशा कमी हवेवर वेगाने जाऊ नये. टायर रिमवरून निघतो.

इथवरचे काम सगळ्यांना आवडते. खरा प्रश्न पुढे आहे. गाडी उलटली तर?

एक काडेपेटी उतरत्या फळीवर उभी ठेवा आणि दुसरी आडवी ठेवा. फळी हळूहळू उचला. उभी पेटी आधी पडते, कारण तिचे वजन उंचावर आहे आणि पाया अरुंद आहे. मोठी चाके बसवण्यासाठी जीप उंच केली, म्हणजे आपण तिला उभी काडेपेटी करतो. म्हणून गाडी उंच करायची तर चाकांमधले अंतरही वाढवले पाहिजे आणि इंजिन, बॅटरी, टाकी हे वजन खाली ठेवले पाहिजे. एवढे करूनही कातळावर गाडी केव्हा तरी उलटणारच, हे धरून चालावे. त्यासाठीच पहिला रुपया चाकावर खर्च करू नका. तो पिंजऱ्यावर करा.

पिंजरा म्हणजे बसणाऱ्यांच्या भोवतीचा नळ्यांचा सांगाडा. मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीसाठी बिनसांध्याची पोलादी नळी मागतात. तिच्यासाठी ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी हे एक मान्य माप आहे. विहिरीवरून उरलेला जस्ती पाइप इथे कदापि चालणार नाही. त्याचा सांधा भरवशाचा नसतो आणि वेल्डिंग करताना जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जातो. पिंजरा पत्र्याला न जोडता चासीला जोडावा. आत पट्टा आणि डोक्याला हेल्मेट हवेच. पट्टा नसला, तर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच पिंजऱ्याखाली सापडतो.

हे फक्त हौशी पोरांसाठी आहे, असे समजू नका. बांधावरून ट्रॅक्टर उलटतो तोही याच नियमाने. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरला असा सांगाडा सक्तीचा केला आणि पुढे तिथे ट्रॅक्टरखाली चिरडून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. ट्रॅक्टरला सांगाडा असेल तर पट्टा बांधा. सांगाडा नसेल तर मात्र बांधू नका, कारण तेव्हा उडी मारायला वाव राहिला पाहिजे.

आता कायद्याचे बोलू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेहून वेगळा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्के केले. बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी केली. ती २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. आनंद महिंद्र यांनी कारागिरीचे कौतुक केले, पण ही गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितले. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. प्रत्येकाला असा बदला मिळत नाही.

म्हणून कातळगाडी रस्त्यावर चालवायचीच नाही, असे ठरवूनच काम सुरू करा. जुन्या नोंदणीचे काय करायचे, ते पहिली नळी कापण्याआधी आरटीओत विचारा. गाडी मैदानापर्यंत ट्रकवर घालून न्या. जागा म्हणून बंद पडलेली दगडखाण, तीही मालकाच्या परवानगीने, बरी. कासचे पठार किंवा मसाई पठार यांचा सडा त्यासाठी नव्हे. त्या पातळ मातीत वर्षातले थोडेच दिवस फुलणारी झाडे आहेत. एकदा चाक फिरले, की ती माती लवकर परत येत नाही.

उद्या तुमचा मुलगा किंवा विद्यार्थी जुनी जीप उघडून बसला, तर त्याला हाकलू नका. त्याच्याजवळ बसा. गिअरांचा गुणाकार त्याच्याकडून करून घ्या, काडेपेटीचा प्रयोग दाखवा आणि मग एकच प्रश्न विचारा : “पिंजरा कुठे आहे?” त्याचे उत्तर मिळेपर्यंत इंजिनाची किल्ली तुमच्या खिशात राहू द्या.