घाट उतरताना परत मिळणारी वीज

प्रास्ताविक

नाशिकरोडहून मुंबईकडे जाणारी गाडी इगतपुरी सोडून थळ घाट उतरू लागते. येथील तीव्रतम उतार ३७ मीटर अंतरास १ मीटर इतका आहे. घाट चढताना गाडीला जादा बळ लागते, हे आपण जाणतो. उतरताना तिला आवरावे लागते. या आवरण्यातून वीज कशी परत मिळते, हे आपण येथे पाहू.

विषय-विवेचन

साध्या ब्रेकमध्ये ठोकळे चाकांवर घासतात. गाडीची ऊर्जा उष्णता होऊन हवेत विरते. ठोकळे झिजतात आणि अतिशय तापल्यास त्यांची पकड कमी होते. लांब उतारावर हा धोका गंभीर ठरतो.

दुसऱ्या पद्धतीत इंजिनाच्या मोटारीच ब्रेकचे काम करतात. एरवी विजेने मोटार फिरते व ती चाके फिरवते. उतारावर चाकेच मोटार फिरवतात. तेव्हा ती जनित्र बनते, वीज निर्माण करते आणि चाकांच्या गतीला विरोध करते. ही वीज वरच्या तारेत परत जाते. १,००० टनांची गाडी ३०० मीटर खाली उतरली, तर सुमारे ८०० युनिट इतकी ऊर्जा मोकळी होते. घर्षण, हवेचा रोध आणि यंत्रांतील घट वजा जाता उरलेला भाग परत मिळू शकतो.

ही कल्पना नवी नाही. मुंबई-इगतपुरी मार्गाचे विद्युतीकरण १९३०च्या सुमारास झाले. त्या मार्गावरील, ‘खेकडा’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या मालगाडीच्या इंजिनांतही ही सोय होती.

मात्र परत आलेली वीज घेणारे कोणी हवे. पूर्वी या मार्गावर १,५०० व्होल्टचा डीसी पुरवठा होता. डीसी उपकेंद्रातील साधा रेक्टिफायर वीज एकाच दिशेने जाऊ देतो. म्हणून त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी चढत असेल, तरच उतरणाऱ्या गाडीची वीज कामी येते. घेणारे कोणी नसेल, तर तारेतील व्होल्टता वाढते आणि शेवटी साध्या ब्रेकचाच आधार घ्यावा लागतो. यावर दोन उपाय आहेत : उपकेंद्रात इन्व्हर्टर बसवून वीज मूळ जाळ्यात परत पाठवणे, किंवा ती बॅटरीत साठवणे. आजच्या २५,००० व्होल्टच्या एसी पुरवठ्यात ही अडचण कमी होते. कारण ट्रान्सफॉर्मरमधून वीज दोन्ही दिशांनी जाऊ शकते.

आता शब्दाकडे वळू. या क्रियेस ‘ऊर्जानिर्मिती’ म्हटल्यास नवी ऊर्जा जन्मास आल्याचा भास होतो. वस्तुतः चढताना खर्चलेल्या ऊर्जेचाच काही अंश परत येतो. म्हणून ‘ऊर्जेचा परतावा’ हा शब्दप्रयोग अधिक नेमका आहे.

सारांश

मोटार जनित्र बनली, की ब्रेक लागतो व वीजही मिळते. परंतु ती घेणारे त्या क्षणी कोणी असेल, तरच तो परतावा ठरतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

घाटात एकच गाडी उतरत असताना डीसी व एसी पुरवठ्यांत काय फरक पडेल, ते स्वतःच्या शब्दांत पाच ओळींत लिहा.