रिठा, हळद आणि पेशीचे कुंपण

रिठ्याची चार-सहा फळे कोमट पाण्यात भिजवून घुसळली की पांढराशुभ्र फेस उठतो. रेशमी वस्त्रे आणि सोन्याचे दागिने या पाण्यात धुण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. हा फेस 'सॅपोनिन' नावाच्या संयुगांमुळे येतो. प्रयोगशाळेत मात्र अशाच सॅपोनिनचे द्रावण रक्ताच्या नमुन्यात मिसळले, तर तांबड्या पेशी फुटतात आणि एरवी गढूळ दिसणारे रक्त पारदर्शक लाल होते. तेलकट मळ सोडवणारा गुण आणि पेशी फोडणारा गुण हे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. त्यांचे मूळ पेशीच्या कुंपणात, म्हणजे पेशीपटलात सापडते.

हे पटल जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर जाडीचे असते. त्यातील मेदरेणूंचे डोके पाण्याकडे ओढ घेते, तर शेपटी पाण्यापासून दूर पळते. त्यामुळे ते आपोआप दोन थरांत, शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा रीतीने उभे राहतात. या थरांत प्रथिने तरंगत असतात. क्षारांची ये-जा सांभाळणारी, बाहेरचे निरोप आत पोहोचवणारी यंत्रणा ती हीच. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली पटलाचे हे प्रवाही चित्र मांडले. भिंतीपेक्षा त्याची तुलना तेलाच्या तवंगाशी करणे अधिक योग्य ठरेल.

वनस्पतींनी कीड, बुरशी आणि जंतूंपासून बचावासाठी घडवलेल्या अनेक रेणूंचा स्वभावही असाच दुहेरी, म्हणजे एक टोक पाण्याचे व दुसरे तेलाचे, असतो. साहजिकच ते पटलात शिरकाव करतात. ओव्यातील थायमॉल जिवाणूंच्या पटलात घुसते आणि आतील पोटॅशियम झिरपू लागते. सॅपोनिन तर पटलातील कोलेस्टेरॉलला बिलगते आणि पटलाला छिद्रे पाडते. आतड्यातून ते फारच कमी शोषले जात असल्याने सोयाबीन वा हरभऱ्यातील सॅपोनिन खाऊन आपल्याला काही होत नाही. माशांच्या कल्ल्यांतील नाजूक पेशींना मात्र असे संरक्षण नसते. गेळफळासारखी फळे ठेचून पाण्यात टाकायची आणि मासे गुंगवून पकडायचे, ही जुनी युक्ती त्यावरच आधारलेली आहे.

सगळेच रेणू इतके दांडगट नसतात. हळदीतील करक्युमिनसारखे रेणू पटल फोडत नाहीत, त्याचा ताठरपणा बदलतात. आणि खरी फसगत येथेच होते. करक्युमिनचा असंख्य, परस्परांशी संबंध नसलेल्या प्रथिनांवर परिणाम होतो, असे गेल्या काही दशकांतील शोधनिबंध सांगतात. 'एक गोळी, अनेक गुण' हे वाक्य वेष्टनावर शोभून दिसते. औषध शोधणाऱ्याला मात्र त्याने धास्ती वाटते. ज्या किल्लीने गावातली सगळीच कुलुपे उघडतात, ती किल्ली आहे की आणखी काही, अशी शंका त्याला येणारच.

न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील ओलाफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शंकेचा छडा लावला. त्यांनी ग्रामिसिडिन या छोट्या रेणूचा उपयोग केला. त्याचा एक तुकडा पटलाच्या वरच्या थरात, दुसरा खालच्या थरात असतो; दोन्ही समोरासमोर जुळले की नळी तयार होते आणि विद्युत्प्रवाह वाहू लागतो. ही नळी पटलाच्या जाडीपेक्षा आखूड असल्याने ती जुळण्यासाठी पटलाला त्या जागी दबावे लागते. पटल मऊ असेल तर नळ्या अधिक जुळतात आणि अधिक काळ टिकतात. थोडक्यात, प्रवाह मोजला की पटलाचा मऊपणा कळतो. मिरचीतील कॅप्सेसिन, हळदीतील करक्युमिन, हिरव्या चहातील ईजीसीजी, सोयाबीनमधील जेनिस्टीन आणि द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉल ही पाचही संयुगे पटलाचे गुणधर्म बदलतात, असे त्यांनी २०१४ साली दाखवून दिले. पटलाशी निगडित अगदी वेगवेगळ्या प्रथिनांवरही त्यांचा सारख्याच धर्तीचा परिणाम आढळला. म्हणजे कुलुपांना कोणी हातच लावला नव्हता. दाराचे लाकूडच सैल झाले होते.

अर्थात सर्वच परिणाम असे नसतात. कॅप्सेसिनसाठी मज्जापेशींवर टीआरपीव्ही१ हे खास प्रथिन आहे. १९९७ मध्ये ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथे किल्ली आणि कुलूप दोन्ही खरे आहेत. करक्युमिनबाबत तसे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेतील बशीत पेशींवर ओतली जाते तितकी मात्रा, गोळ्या गिळून रक्तात क्वचितच पोहोचते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार, १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्यांनंतरही काटेकोर तुलनात्मक चाचणीत करक्युमिनला निर्विवाद यश मिळाले नव्हते. स्वयंपाकातील हळदीबद्दल हा निकाल नाही. महागड्या गोळ्यांबद्दल मात्र आहे, आणि उपचार बाजूला ठेवून त्या घेणाऱ्या रुग्णाने तो ध्यानात घेतलेला बरा.

मग पटलावर काम करणारा वनस्पतिजन्य रेणू औषधाच्या कामी येऊच शकत नाही काय? येतो, पण त्याला आधी वेसण घालावी लागते. चिलीतील किलाजा वृक्षाच्या सालीत विपुल सॅपोनिन असते. तेथील मूळ रहिवासी ही साल साबण म्हणून वापरत. हे सॅपोनिन टोचले तर प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते, परंतु त्याच जागी पेशीही फुटतात. शास्त्रज्ञांनी त्यावर काढलेला तोडगा साधा आहे. सॅपोनिनला कोलेस्टेरॉलच हवे असते ना, मग ते आधीच पुरवायचे. कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडमध्ये गुंफल्यावर सॅपोनिनचे पिंजऱ्यासारखे सूक्ष्म कण बनतात. पेशी फोडण्याची त्याची खोड मग बरीच मावळते, जागे करण्याची क्षमता मात्र उरते. 'मॅट्रिक्स-एम' नावाचा हा घटक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोवोव्हॅक्स या कोविडप्रतिबंधक लशीत होता. तिला भारतात डिसेंबर २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ऑक्स्फर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या आणि याच संस्थेने उत्पादित केलेल्या आर२१ या हिवतापाच्या लशीतही तोच घटक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान मुलांसाठी तिची शिफारस केली.