‘टेन्शन’ या एका शब्दाआड दडलेले आजार

आर्वी, आष्टी, कारंजा असो की हिंगणघाट, समुद्रपूर. वर्धा जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत क्वचितच कोणी येते. तक्रारी वेगळ्याच असतात. डोके जड राहते, अंगात त्राण नाही, हातपाय गळून जातात, रात्री तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, जेवणाला चव नाही, छातीत धडधड होते. रक्त तपासले जाते, ईसीजी काढला जातो, सारे ठीक निघते. ताकदीच्या गोळ्या मिळतात, एखादे सलाईनही लागते. फार खोदून विचारले तर एकच शब्द बाहेर येतो, ‘टेन्शन’.

हा शब्द सोयीचा आहे, कारण तो बोलताना लाज वाटत नाही. पण त्याच्या पोटात फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. सोसायटीच्या कर्जाची काळजी, मुलीच्या लग्नाची चिंता, घरातले भांडण आणि उपचार लागणारा खराखुरा आजार, सगळ्याला नाव एकच. मग त्यावरचा सल्लाही एकच राहतो, ‘मनावर घेऊ नको’. नैराश्याचे मात्र अनेक प्रकार आहेत आणि प्रकार बदलला की उपचार बदलतो. एका प्रकारात जे औषध माणसाला उभे करते, तेच दुसऱ्या प्रकारात उलटू शकते. म्हणून नैराश्य आहे एवढे कळून भागत नाही, ते कोणते आहे हेही कळावे लागते.

डॉक्टरांच्या भाषेतले नैराश्य म्हणजे नुसते दुःख नव्हे. त्याची दोन मुख्य लक्षणे आहेत: मन सतत उदास असणे आणि पूर्वी ज्यात रस होता त्यातला रस संपणे. यातले किमान एक असावेच लागते. त्याच्या जोडीला झोप बिघडणे, भूक व वजन घटणे किंवा वाढणे, थकवा, हालचाली मंदावणे किंवा उगाच अस्वस्थ येरझारा घालणे, लक्ष न लागणे, स्वतःला नालायक किंवा दोषी समजणे आणि मरणाचे विचार येणे. अशी एकूण नऊपैकी पाच लक्षणे दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ राहिली आणि कामधंदा अडू लागला, तर त्याला तीव्र नैराश्याचा झटका म्हणतात. कपाशीवर बोंडअळी पडली तर दुःख कोणालाही होईल. पण त्या दुःखातही माणूस नातवंडाच्या बोलण्यावर हसतो, आलेल्या पाहुण्याला चहा विचारतो. नैराश्यात तेही आटते. पीक चांगले आले तरी आनंद होत नाही, ही खूण जास्त महत्त्वाची.

शेतीच्या ताणाचा विषय इथे टाळताच येत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात वर्धा होता. पुढे २०१५ मध्ये राज्याने १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन ताणाखालचे शेतकरी शोधावेत आणि त्यांना समुपदेशनापर्यंत पोहोचवावे, अशी त्याची रचना. त्यातही वर्धा आहे. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे: गोळीने कर्ज फिटत नाही, हमीभाव मिळत नाही. शेतकऱ्याच्या हलाखीला आजार ठरवून मोकळे होणे अन्यायाचेच. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. कर्ज तेवढेच असलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एक बँकेत जाऊन पुनर्गठनाचे बोलतो, दुसरा घराबाहेर पडणेच सोडतो. दुसऱ्याच्या मनाने ‘आता काहीच होऊ शकत नाही’ हे पक्के धरलेले असते. अडचणीतून वाट काढायला जी उमेद लागते, तीच हा आजार आधी खातो. कर्ज हे त्याचे कारण असेल, पण आजार जडल्यावर त्याच्यावर वेगळा इलाज करावा लागतो.

अर्थात प्रत्येक ताणाचे नैराश्य होत नाही. मोठ्या धक्क्यानंतर काही आठवडे झोप उडते, रडू येते, कामात लक्ष लागत नाही. परिस्थिती निवळली, माणसांचा आधार मिळाला की बहुतेकांचे हे काही महिन्यांत ओसरते. याला जुळवून घेण्यातली अडचण म्हणतात. इथे औषधांपेक्षा बोलणे, सोबत आणि मूळ प्रश्नावर मदत अधिक कामाची.

याच्या उलट टोकाला आहे ते वर्षानुवर्षे मुरलेले नैराश्य, डिस्थायमिया. लक्षणे सौम्य, पण किमान दोन वर्षे चाललेली. अशी व्यक्ती शेतात जाते, स्वयंपाक करते, लग्नाकार्यात हजेरी लावते, फक्त तिला कशात राम वाटत नाही. घरचे म्हणतात, ‘तिचा स्वभावच तसा आहे, पहिल्यापासून रडका.’ स्वभाव म्हटले की उपचाराचा प्रश्नच मिटतो. तिशीतली बाई पन्नाशीपर्यंत अशीच जगते आणि तिला स्वतःलाही आयुष्य असेच असते असे वाटू लागते. त्यात एखाद्या आघाताने तीव्र झटका आला तर एकावर दुसरे असे दुहेरी नैराश्य होते.

निदानात सर्वांत जास्त फसवणारा प्रकार म्हणजे बायपोलर, म्हणजे दोन टोकांचा आजार. यात उदासीचे काळ येतात, तसे अतिउत्साहाचेही येतात. माणूस उदास असतानाच दवाखान्यात येतो. उत्साहात असताना तो स्वतःला आजारी समजत नाही आणि घरचेही ‘आता बरा झाला’ म्हणून खूश असतात. दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, अखंड बडबड, एकाच आठवड्यात दुकान काढायचे, बोअर मारायची, जमीन ठेक्याने घ्यायची, पैसे वाटायचे, कोणी अडवले तर अंगावर धावून जायचे. असा काळ पूर्वी येऊन गेला असेल आणि तो डॉक्टरांना सांगितलाच गेला नाही, तर साध्या नैराश्याचे औषध सुरू होते. ते एकटे दिले तर काही रुग्ण थेट दुसऱ्या टोकाला जाऊ शकतात. बायपोलरमध्ये लिथियमसारखी, मनाची चढउतार आवरणारी औषधे हा उपचाराचा कणा असतो. त्यामुळे नैराश्याच्या रुग्णासोबत घरातले कोणी दवाखान्यात गेले, तर उदासीबरोबरच त्या ‘चांगल्या’ दिवसांबद्दलही सांगणे आवश्यक आहे. कुटुंबात आणखी कोणाला असे होत असेल तर तेही सांगावे.

बाळंतपणानंतरचे नैराश्य असेच झाकलेले राहते. पहिल्या आठवड्यात कारण नसताना रडू येणे, चिडचिड होणे अगदी सामान्य आहे. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना ते होते आणि साधारण दोन आठवड्यांत थांबते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळाबद्दल ओढ वाटेनाशी झाली, बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येईना, ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ असे वाटू लागले, तर ते नैराश्य. साधारण दर दहा बाळंतिणींत एकीला किंवा त्याहून जास्त जणींना ते गाठते. सव्वा महिना संपून सगळे आपापल्या कामाला लागतात आणि माहेरहून सासरी जायचे दिवस येतात, तेव्हाच अनेकदा ते वाढते. मुलगी झाली म्हणून टोमणे असतील तर अधिकच. याहून दुर्मीळ, हजारात एक-दोघींना होणारा प्रकार म्हणजे बाळंतपणानंतरची तीव्र मनोविकृती. काही दिवसांतच भ्रम, असंबद्ध बोलणे, आवाज ऐकू येणे, बाळाविषयी भलते विचार. ‘बाहेरचे लागले’ म्हणून इथे एक रात्रही दवडू नये. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाचा प्रश्न असतो आणि रुग्णालयात नेल्यावर बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात.

भ्रम नैराश्यातही होतात. ‘माझ्या पापामुळे घराचे वाटोळे झाले’, ‘माझी आतडी सडली आहेत’ अशी खात्री पटलेला माणूस समजावून ऐकत नाही, कारण ते त्याच्यासाठी खरेच असते. त्याला नैराश्य आणि भ्रम या दोन्हींवरची औषधे लागतात. कधी भूल देऊन केलेल्या विजेच्या उपचाराने, म्हणजे ईसीटीने, लवकर गुण येतो. सिनेमाने या उपचाराला फार बदनाम केले आहे. हिवाळ्यात येणाऱ्या हंगामी नैराश्याबद्दल मात्र विदर्भात फार घोर करायला नको. तो मुख्यतः उत्तरेकडच्या, महिनोन्महिने ऊन न मिळणाऱ्या देशांचा प्रश्न आहे.

काही नैराश्ये शरीरातून उगवतात. थायरॉइड मंदावणे, बी-१२ची कमतरता, रक्तक्षय यांत थकवा आणि उदासी हुबेहूब नैराश्यासारखी दिसते, म्हणून मनाचे औषध सुरू करण्याआधी या साध्या तपासण्या करतात. पक्षाघात, मधुमेह, विदर्भात आढळणारा सिकलसेल यांसारख्या दीर्घ आजारांच्या मागे नैराश्य चिकटते. म्हाताऱ्या माणसात ते विसरभोळेपणाच्या रूपाने येते आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. दारूचे तर काय सांगावे. वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे, दारू मात्र मिळते. पुरुषांचे नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडण्यातून आणि पिण्यातून दिसते. दारूने आलेली उदासी दारू सोडल्यावर काही आठवड्यांत बरीच निवळते. तेवढ्यानेही निवळली नाही, तर मूळचे नैराश्य वेगळे आहे असे समजून उपचार करावे लागतात.

उपचार खर्चिकच असतात असे नाही. सौम्य आणि मध्यम नैराश्यात पद्धतशीर समुपदेशन पुरेसे ठरू शकते आणि ते देणारा माणूस डॉक्टरच हवा असेही नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने स्थानिक, बिगरडॉक्टर समुपदेशक तयार केले. रुग्णाला आवडीच्या व उपयोगाच्या कामांकडे हळूहळू परत आणणे, अडचणींचे तुकडे करून सोडवणे, असे त्याचे स्वरूप. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९३ रुग्णांवरील चाचणीत तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के जण सावरले, तर समुपदेशनाची जोड मिळालेल्यांत ६४ टक्के. वर्ध्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ या कार्यक्रमाने ३० गावांत असेच काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले होते. ते चित्र गावपातळीवर बदलता येते, हे या शेजारच्या जिल्ह्याने दाखवले.

औषधांविषयी मात्र गैरसमज फार. नैराश्याच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. ती भीती झोपेच्या काही गोळ्यांबाबत खरी आहे. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि नेमक्या त्याच आधीच्या दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सोडले जाते. बरे वाटल्यावरही सहा ते नऊ महिने ते चालू ठेवावे लागते आणि थांबवायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय येथे मनोविकारतज्ज्ञ भेटतात. फोनवर बोलायचे असेल तर ‘टेलीमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत, दिवसरात्र चालू असतो.

कोणी ‘आता जगून काय करायचे’ असे म्हणाले, निरवानिरव करू लागले, बऱ्याच दिवसांच्या तळमळीनंतर अचानक शांत झाले, तर ते थेट विचारावे. विचारल्याने डोक्यात विचार पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये आणि घरातली फवारणीची औषधे कुलपात, शक्यतो दुसऱ्याच्या घरी हलवावीत. मरणाची तीव्र इच्छा बहुतेकदा थोडाच वेळ टिकते आणि त्या वेळेत हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. आणि कोणी प्रयत्न केलाच, तर पोलीस केसच्या धास्तीने रुग्णालयात न्यायला वेळ लावू नये. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले आहे. तिच्यावर उपचार करणे आणि तिला पुन्हा उभे करणे ही सरकारची जबाबदारी आहे.