निफाड : शेतकऱ्यांचे नगर

मुंबईहून मनमाडकडे जाणारी आगगाडी नाशिकरोड सोडून पुढे निघाली, की ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे अशी लहान लहान स्थानके मागे पडतात आणि पाठोपाठ निफाडची पाटी दिसते. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना येथे थांबण्याचे फारसे कारण नसते. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला दिसतात ते तारांच्या मांडवावर चढविलेले द्राक्षांचे मळे, उसाचे फड आणि कांद्याचे वाफे. अशा ठिकाणाला कोणी नगर म्हटले, तर शहरी मनुष्य क्षणभर हसेल. परंतु कायद्याच्या दृष्टीने निफाड हे आता खेडे राहिलेले नाही. तेथे ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली आहे आणि सरपंचाच्या खुर्चीवर नगराध्यक्ष बसू लागला आहे. ज्या गावाचे पोट शेतीवर चालते, त्याने नगर व्हावे म्हणजे नेमके काय व्हावे, हा प्रश्न एकट्या निफाडचा नाही. महाराष्ट्रातील शंभराहून अधिक तालुक्याच्या गावांपुढे तो उभा आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी निफाडच्या भूमीची ओळख करून घेणे अवश्य आहे. नाशिकच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर हे गाव वसले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. पण तो येथवर येईतो पुष्कळ ओसरतो. त्याची उणीव नद्या भरून काढतात. गोदावरी नाशिकहून पूर्वेस येते, वायव्येकडून कादवा येते, आणि याच तालुक्यात नांदूर मधमेश्वर येथे दोघींचा संगम होतो. नद्यांनी आणून टाकलेली काळी, कसदार माती आणि विहिरींना लागणारे पाणी ही या प्रदेशाची खरी पुंजी होय.

या पुंजीत तिसरी भर थंडीची. निफाड उष्ण कटिबंधात असले, तरी पौष महिन्यात तेथील रात्री उत्तर हिंदुस्थानची आठवण करून देतात. गावाजवळ कुंदेवाडी येथे गव्हाचे संशोधन केंद्र आहे. तेथील तापमापकाची नोंद हिवाळ्यात महाराष्ट्रभर वर्तमानपत्रांतून छापली जाते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि भूमी नदीखोऱ्यातील सखल. त्यामुळे दिवसाची ऊब रात्री झपाट्याने निघून जाते. ही थंडी गव्हाला मानवते. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती अशा नावांचे गव्हाचे वाण याच केंद्रातून शेतकऱ्यांच्या हाती गेले आहेत.

परंतु जी थंडी गव्हाची माउली, तीच द्राक्षाची वैरीण होते. द्राक्षाची वेल मूळची थंड मुलखातील. फ्रान्स किंवा इटलीसारख्या देशांत हिवाळा आला, की तिची पाने गळतात, ती झोपी जाते आणि वसंतात आपोआप जागी होते. तिकडे वर्षातून एकदाच छाटणी पुरते. निफाडच्या हवेत तिला अशी झोप मिळत नाही. म्हणून झोप आणि जाग या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला कात्रीने घडवाव्या लागतात. एप्रिलमध्ये तो खरड छाटणी करतो. तिच्यामुळे नवी काडी फुटते आणि उन्हाळ्याच्या प्रखर प्रकाशात त्या काडीच्या डोळ्यांत पुढील घडांची बीजे तयार होतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते, घड बाहेर पडतात आणि सुमारे चार महिन्यांनी माल काढणीस येतो. म्हणजे मणी भरण्याच्या नेमक्या वेळी थंडी ऐन भरात असते. रात्री पारा एकाएकी उतरला आणि दिवसा ऊन तापले, की मण्यांची साल तडकते आणि वर्षाची मेहनत मातीस मिळते. म्हणून अशा रात्री निफाडचा शेतकरी मळ्यात जागोजाग शेकोट्या पेटवितो आणि पहाटेस वेलींना विहिरीचे पाणी देतो. कारण त्या वेळी विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. मोठ्या शहरातील बाजारात जो घड घटकाभरात विकला जातो, त्यामागे अशी जागरणे असतात.

कांद्याची कथा निराळी. याच तालुक्यातील लासलगाव येथे १९४७ मध्ये बाजार समिती स्थापन झाली, आणि आज ती देशातील कांद्याची अग्रगण्य बाजारपेठ मानली जाते. निफाडचा बाजार हा तिचाच उपबाजार आहे. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि तेथे फुटलेला भाव देशभर पोहोचतो. परंतु भावाची दोरी तेथील शेतकऱ्याच्या हाती नसते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रसरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. या काळात शहरातील गृहिणीला थोडा दिलासा मिळाला असेल. कांदा पिकविणाऱ्याच्या घरी मात्र त्याचा अर्थ वेगळा होता.

अशा या भूमीवर नगरपंचायत आली ती कोठून? १९९२ मध्ये संसदेने राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती केली आणि १ जून १९९३ पासून ती अंमलात आली. तिने नागरी स्वराज्यसंस्थांचे तीन प्रकार सांगितले. मोठ्या शहरांना महानगरपालिका, लहान शहरांना नगरपरिषद आणि जे क्षेत्र ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेत संक्रमण करीत आहे, त्याला नगरपंचायत. पुढे महाराष्ट्र शासनाने तालुक्याच्या मुख्य गावांतील ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण स्वीकारले. त्या धोरणानुसार निफाडबरोबर नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण आणि देवळा येथेही नगरपंचायती झाल्या.

या बदलाने नागरिकाच्या जीवनात काय फरक पडतो? ग्रामपंचायतीत प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. भर सभेत उभे राहून हिशेब विचारण्याचा त्याला अधिकार असतो. नगरपंचायतीत सतरा प्रभागांतून सतरा नगरसेवक निवडून जातात आणि सर्वांनी एकत्र बसून विचारण्याची ती जागा तशी उरत नाही. ग्रामसेवकाच्या ऐवजी शासनाने नेमलेला मुख्याधिकारी येतो. रस्ते, गटारे, दिवाबत्ती, कचरा यांसाठी शहरांच्या योजनांतून अनुदान मिळू लागते. परंतु सर्वांत मोठा फरक यांपैकी कोणताच नव्हे. तो आहे जमिनीच्या नकाशात.

नगरपंचायत ही आपल्या हद्दीपुरती नियोजन करणारी संस्था असते. तिच्या विकास आराखड्यात घरांसाठी राखलेला पिवळा पट्टा असतो आणि शेतीसाठी राखलेला हिरवा पट्टा असतो. ज्याची जमीन पिवळ्यात पडली, त्याची ती बिनशेती होऊन गुंठ्यांच्या हिशेबाने विकली जाऊ शकते. ज्याची हिरव्यात राहिली, त्याने वेल छाटीत राहावे. बांधाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा, अशा दोन भावांच्या दैवांत नकाशावरील एका रेषेने किती अंतर पडेल, हे सांगावयास नकोच.

आता या संस्थेच्या तिजोरीकडे पाहावे. तिचे स्वतःचे मुख्य उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकामाच्या परवानगीचे शुल्क. द्राक्षाच्या मळ्यापासून तिला सांगण्यासारखे काही मिळत नाही. बाजारातील शेतमालावरची फी बाजार समितीकडे जाते. म्हणजे ज्या शेतीच्या जोरावर गावातील दुकाने, पतपेढ्या, दवाखाने आणि शाळा चालतात, त्या शेतीचे वैभव नगरपंचायतीच्या जमाखर्चात दिसतच नाही. उलट, एखादा मळा मोडून तेथे घरे उठली, की घरपट्टी वाढते. मळा टिकण्यात गावाचे हित आणि मळा मोडण्यात तिजोरीचा लाभ, असा हा विलक्षण पेच आहे. यात कोणा व्यक्तीचा दोष नाही. ती या व्यवस्थेचीच रचना आहे. कायदा निफाडला संक्रमणाच्या वाटेवरचे गाव मानतो, जणू शेती ही केव्हातरी मागे टाकावयाची पायरी आहे. वस्तुतः ज्या गावची द्राक्षे युरोपच्या बाजारात जातात आणि जेथील शेतकरी औषधांच्या अवशेषांची मर्यादा तोंडपाठ सांगतो, तेथे शेती मागासलेली नाही. ती स्वतःच एक प्रगत उद्योग झालेली आहे.

या पेचातून वाट कशी काढावी, याचे एक उदाहरण निफाड तालुक्यातच सापडते. नाशिककडील बाजूस ओझर हे गाव आहे. १९६४ पासून तेथे लढाऊ विमानांचा कारखाना असल्यामुळे बाहेरच्या लोकांना ते विमानांचे गाव म्हणून ठाऊक असते. पाण्याच्या क्षेत्रातील मंडळी मात्र ते वेगळ्या कारणाने ओळखतात. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटास असल्याने तेथील शेतांपर्यंत पाणी पोहोचत नसे. १९९० च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने तेथील शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभारल्या. पाटबंधारे खात्याकडून पाणी घनफळावर मोजून घ्यावयाचे, सभासदांत वाटावयाचे, पाणीपट्टी स्वतः गोळा करावयाची आणि खात्याकडे भरावयाची, असा नियम त्यांनी घालून घेतला. ओढ्यांवर बंधारे घालून विहिरींचे पाणीही वाढविले. पुढे वाघाडच्या समस्त लाभक्षेत्रात ही पद्धत पसरली, आणि २००५ मध्ये शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करण्यासंबंधी राज्याने कायदाच केला. ज्याने मोजले, ज्याने पट्टी भरली आणि ज्याने सभेत हिशेब मागितला, त्याच्या हाती स्वराज्य आले, असा या प्रयोगाचा इत्यर्थ आहे.

नगराला हाच धडा लागू पडतो. गावाचे सांडपाणी शेवटी नदीलाच मिळते. निफाडच्या खाली नांदूर मधमेश्वरचा ब्रिटिश अमदानीतील बंधारा आहे. त्याच्या गाळावर पाणवनस्पती वाढल्या, परदेशी पाखरे येऊ लागली, १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले, आणि २०१९ मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून गणले गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. बंधाऱ्यातून निघणारे कालवे पुढे कोपरगाव, राहात्यापर्यंत जातात. म्हणजे वरच्या अंगाच्या प्रत्येक गावच्या गटाराचा प्रश्न हा खालच्या शेताचा, पाखराचा आणि शेजारच्या जिल्ह्याचाही प्रश्न असतो. सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा मळ्यांना देणारी नगरपंचायत शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल. छाटणीच्या आणि कांदा लागवडीच्या हंगामात सुरगाणा, पेठ या डोंगराळ भागांतून येणाऱ्या मजुरांना निवारा, पाणी आणि त्यांच्या मुलांना शाळा देणारी नगरपंचायतही तशीच उपयोगी पडेल. शेतीला नगराची गरज आहे ती अशा कामांसाठी.

१८ जानेवारी १८४२ रोजी याच निफाडात महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील त्या वेळी तेथील मामलेदार कचेरीत नोकरीस होते; पुढे कुटुंब कोल्हापुरास गेले. न्यायमूर्तींच्या अर्थशास्त्रीय निबंधांच्या संग्रहात इंग्लंड आणि हिंदुस्थान येथील स्थानिक कारभाराची तुलना करणारा एक निबंध आहे. राष्ट्राच्या उद्योगधंद्यांचा विचार आणि गावाच्या कारभाराचा विचार त्यांनी एकाच पुस्तकात मांडला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या जन्मगावी आज हे दोन्ही विचार एकाच नकाशावर येऊन ठेपले आहेत. तेथे हिरवा आणि पिवळा पट्टा कोठे भेटावा, हे निफाडच्या लोकांनीच ठरवावयाचे आहे. ते ठरविताना मळ्यातील शेकोटीपाशी जागणाऱ्या माणसाला सभेत बोलण्यास जागा मिळाली, तर नगर हे नाव त्या गावाला शोभून दिसेल.