म्हाताऱ्या गाडीचा गिअरबॉक्स

आमची दोन घरं आहेत. एक कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या उपनगरात, जमिनीला चिकटलेलं. दुसरं त्याच्या दारात उभं असतं आणि त्याला चार चाकं आहेत.

ही १९८७ सालची फोक्सवॅगन. जर्मनीत तिला टी-थ्री म्हणतात, अमेरिकेत ती ‘व्हॅनागन’ या नावानं विकली गेली. आत वेस्टफालिया कंपनीनं बसवलेला ओटा, शेगडी, चिमुकला फ्रीज आणि वर उचललं की तंबू होणारं छप्पर. मुलांच्या सगळ्या सुट्ट्या या छपराखाली गेल्या. इंजिन मागे, जेमतेम ९५ अश्वशक्तीचं. भरल्या संसारासह वजन मात्र दोन टनांच्या पुढं. भरलेली एस.टी. कसाऱ्याचा घाट जशी कण्हत चढते, तशी ही रॉकी पर्वत चढते.

गेल्या वर्षी उतारावर तिचा चौथा गिअर आपोआप सुटू लागला. तेल काढलं तर तळाच्या चुंबकी बुचाला नुसतं काळं पीठ नव्हे, चांगले चमकते तुकडे चिकटलेले. पीठ चालतं, तुकडे चालत नाहीत. या गाड्यांत तिसरा-चौथा गिअर जोडणारी सरकती कडी नाजूक म्हणून ओळखली जाते. ती तडकली की बाकीच्या दात्यांची खैर नसते. थोडक्यात, गिअरबॉक्स खोलणं आलं.

एका गॅरेजवाल्यानं ‘आमच्याकडे तयार आहे, बदलून घ्या’ असं सुचवलं. वरून चांदीसारखा रंग दिलेला, आत काय बदललं याचा कागद नाही. सौ. म्हणाली, “भांड्याला कल्हई दिसते, भोक दिसत नाही.” आम्ही आपलाच डबा जाणकाराकडे पाठवला. बेअरिंगं, पितळी सिंक्रो कड्या, ती सरकती कडी, सगळं नवं घालायचं ठरलं. खर्चाचा आकडा ऐकून उन्हाळ्यातली भारतवारी पुढं ढकलावी लागली. तिकडे आई वाट पाहत होती, हे लिहिताना आजही बोचतं.

आता खरी गोष्ट. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात. डिफरन्शियल म्हणजे वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देणारी योजना. अतिशय हुशार, पण एक खोड आहे. कोकणात पावसाळ्यात चिखलात रुतलेली बस आठवा: एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म. पेटी उघडलीच आहे तर ही खोड आत्ताच घालवायची की नाही? नंतर करायचं तर तीच मजुरी पुन्हा द्यायची.

सर्वांत मोठं स्वप्न ‘सिंक्रो’चं. १९८५ पासून ऑस्ट्रियात ग्राट्सच्या कारखान्यात या गाडीची चारही चाकं ओढणारी आवृत्ती बनू लागली. मागची चाकं घसरली की सिलिकॉनचा दाट द्रव भरलेली एक जोडणी पुढच्या चाकांना आपोआप जोर देते. मागच्या डिफरन्शियलला कुलूपही मागवता येत असे. पण आमच्यासारख्या गाडीची सिंक्रो करायची तर पुढचा सांगाडा बदला, पेट्रोलची टाकी पुढून मागं न्या... ते जुन्या वाड्याचा पाया हलवण्यासारखं आहे. माझ्या मते त्यापेक्षा गाडीच दुसरी घ्यावी.

हातानं लावायचं कुलूप दोन्ही चाकं एकत्र बांधतं. चिखलात त्याच्यासारखं काही नाही. पण कोरड्या रस्त्यावर ते सोडायला विसरलात तर गाडी वळायला कुरकुरते आणि आसांवर ताण येतो. घरात गाडी चालवणारे तिघे, त्यात एक नुकताच शिकलेला. म्हणून आम्ही तिरप्या दात्यांचं, आपोआप काम करणारं मर्यादित-घसरणीचं डिफरन्शियल निवडलं. घसरणाऱ्या चाकाकडचा जोर ते पकड असलेल्या चाकाकडे वळवतं. एक चाक पार हवेत गेलं तर मात्र ते हतबल होतं. तेव्हा हँडब्रेक किंचित ओढायचा. हवेत फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध मिळाला की दुसरं चाक खेचू लागतं.

मोठ्या टायरांचा मोह मुलाला होता. तळ उंच होतो, पण प्रत्येक गिअर जड पडतो, आणि ९५ घोड्यांना तेवढं परवडत नाही. मापाचेच, बर्फाचे टायर घेतले. तशीही आमच्या डोंगरी महामार्गावर सप्टेंबर ते मे टायरच्या नक्षीची किमान खोली कायद्यानं ठरलेली आहे.

इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर असल्यानं या म्हातारीची पकड मुळात बरी. मार्चमध्ये युटाच्या लाल मातीत पाऊस झाल्यावर तिनं दोनदा मागचं अंग हलवलं आणि निमूट चढ चढली. सौ.नं चहाचं आधण तिथंच ठेवलं. पहिलं तेल मी लवकरच काढलं. बुचाला नुसतं पीठ होतं, तेही नव्या दात्यांचं.